ड्रायव्हरची झोप गेटवर जाते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचे मिस्टर बारा चाकी गाडीवर आहेत, कोल्हापूर-बेंगलोर-चेन्नई लाईन करतात, महिन्यातले चोवीस-पंचवीस दिवस बाहेर असतात. सोळा-अठरा तास ड्युटी ही रोजची गोष्ट झाली आहे. घरी आले की चौदा तास झोपतात, उठले की चिडचिड करतात. आणि गेल्या आठवड्यात पहाटे गाडी दुभाजकाला घासली, मालक म्हणाला, "सगळेच असं चालवतात." तुम्ही विचारलंय की झोप येऊ नये म्हणून काही खात्रीचा उपाय आहे का, आणि नसेल तर ही नोकरी सोडायला सांगू का.

मी स्वतः तेरा वर्षं ट्रक चालवला. गेली सतरा वर्षं स्टिअरिंग सोडून आमच्या सात गाड्या सांभाळतो. झोपेच्या भरात गाडी चालवणारा ड्रायव्हर मी होतो, आणि पुढे काही वर्षं रात्री दोन वाजता फोन करून "गाडी का उभी आहे?" असं विचारणारा मालकही मीच होतो. दोन्ही बाजूंनी जे शिकलो ते सांगतो.

झोप पळवायचा उपाय नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. बाम, डोळ्यांवर पाणी, तंबाखूचा बार, खिडकी उघडून तोंडावर वारा, मोठ्याने गाणी, हिरवी मिरची चावणं, हे सगळं मी केलेलं आहे. याने माणूस थोडा वेळ ताजा झाल्यासारखा वाटतो, पण मेंदूला झोपेची जी गरज असते ती तसूभरही कमी होत नाही. उलट आपण शुद्धीत आहोत असा भ्रम होतो आणि तो जास्त धोक्याचा. म्हणून खरा प्रश्न असा घ्या: झोप पळवायची कशी हा नाही, त्यांची झोप जाते कुठे हा.

बहुतेकांना वाटतं की ड्रायव्हर फार लांब गाडी चालवतो म्हणून झोप होत नाही. माझा अनुभव वेगळा आहे. झोप रस्त्यावर कमी आणि कंपनीच्या गेटवर जास्त जाते.

तुमच्याच लाईनचा एक दिवस घ्या. मिस्टर सकाळी सहाला उठले. आठला कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, गेटवर पोहोचले. टोकन घेतलं, पुढे दहा-बारा गाड्या. नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही, त्यामुळे गाडी सोडून जाता येत नाही आणि केबिनमध्ये पडावं तर दर वीस मिनिटांनी गाडी एक घर पुढे सरकवावी लागते. वर पत्रा तापलेला. दुपारी तीनला गाडी आत, पाचला माल भरून झाला. मग वजनकाटा, ताडपत्री, दोरखंड, बिल्टी म्हणजे मालाची पावती, आणि ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचं जीएसटीचं ऑनलाइन बिल. साडेसात-आठला गाडी रस्त्याला लागली. मालकाच्या हिशेबात ड्युटी आता सुरू झाली. शरीराच्या हिशेबात चौदा तास उलटून गेलेत. बेळगाव यायच्या आत, रात्री अकराला, जागेपणाचे सतरा तास पूर्ण होतात. पहाटे चारला, हुबळीच्या पुढे कुठेतरी, बावीस.

सतरा तास सलग जागा असलेला माणूस किती चुकतो हे संशोधकांनी दारू प्यायलेल्या माणसाशी ताडून पाहिलेलं आहे. रक्तात शंभर मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम दारू असली की हातपाय आणि नजर जितकी मंदावते, साधारण तितकीच सतरा तासांच्या जागरणाने मंदावते. चोवीस तासांना ते 100 मिलिग्रॅमच्या घरात जातं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. म्हणजे तुमचे मिस्टर एक थेंब न पिता बेळगावला पोहोचेपर्यंत त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेले असतात. फुंकर मारायचं यंत्र त्यांना पास करेल.

त्यात पहाटेची वेळ. रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात शरीराचं स्वतःचं घड्याळ माणसाला झोपेकडे ओढतं. दुपारी एक ते चारमध्येही एक उतार येतो, तो छोटा. दिवसभर कितीही झोपलात तरी पहाटेची ओढ पूर्ण जात नाही, आणि दिवसभर गेटवर बसलेल्याला तर ती खालीच पाडते. अशा वेळी जी येते ती आपण ओळखतो तशी झोप नसते. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात आणि तीन-चार सेकंद मेंदू बंद पडतो. ताशी 60 च्या वेगाला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. चार सेकंदांत पासष्ट मीटर, चालकाविना.

माझ्यासोबत हे राणेबेन्नूरच्या अलीकडे झालं. मे महिना होता, सोळा टन कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीतले ओतीव लोखंडी भाग, भरलेलं, पहाटेचे साडेचार वाजले असतील. आदल्या दिवशी गेटवर अकरा तास काढले होते. हावेरीचा फाटा कधी गेला ते मला आजही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की माझा चुलतभाऊ, जो तेव्हा माझ्याकडे क्लीनर होता, ओरडत होता आणि त्याचा हात माझ्या हातावरून स्टिअरिंग ओढत होता. डावीकडची चाकं डांबर सोडून मातीत गेली होती. चिंचेची फांदी आरशावर आदळली आणि काचा माझ्या मांडीवर पडल्या. गाडी थांबली. खाली उतरलो तर गुडघे सरळ होईनात. भाऊ काही बोलला नाही, रस्त्याच्या कडेला जाऊन उलटी करून आला. आणि ताई, यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की दहा मिनिटांनी तोंडावर पाणी मारून मी पुन्हा गाडी सुरू केली, कारण माल सकाळी दहाला पोहोचवायचा होता. पुढे मालकाने आरशाचे पैसे पगारातून कापले. आरसा का तुटला हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

म्हणून गेल्या आठवड्यातलं दुभाजकाला घासणं हलक्यावर घेऊ नका. ती झोप होती असंच धरून चाला. त्यांना शांतपणे विचारा: त्या आधीचा टोलनाका आठवतो का? शेवटचं गाव कोणतं लागलं? आठवत नसेल तर ते त्या आधीपासूनच अधूनमधून झोपत होते.

आता काय करता येईल ते. यातलं बरंच मालक कसा आहे, माल कोणता आहे, गाडीवर दुसरा ड्रायव्हर आहे का यावर अवलंबून आहे. नारायणगावचा टोमॅटो वाशी मार्केटला नेणाऱ्याला रात्र टाळता येत नाही, कारण बाजारच पहाटे भरतो. कास्टिंगला तसं काही नाही. ते लोखंड आहे, सहा तास उशिरा पोहोचलं तर नासत नाही. तुमच्या मिस्टरांची लाईन या बाबतीत बरी आहे, हे लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या हातातली. स्टिअरिंगचे तास मोजायचं सोडा, जागेपणाचे तास मोजा. सकाळी सहाला उठलो तर रात्री दहाला गाडी उभी. मग ती बेळगावला असो की निपाणीला. गाडी आठला निघाली असेल तर त्या दिवशी दोनच तास चालेल, हे मनाशी आधीच कबूल करायचं. माझ्या ड्रायव्हरांना मी हे सांगतो तेव्हा नवीन माणूस हसतो. जुना हसत नाही.

गाडी उभी करायची जागा आधी ठरवावी लागते. हायवेवर चांगल्या जागा थोड्या आणि रात्री दहानंतर त्या भरलेल्या असतात. म्हणून जागा नऊच्या आधी धरायची. दिवे आणि कॅमेरे असलेला पेट्रोल पंप सगळ्यात चांगला, कारण ड्रायव्हरची अर्धी झोप डिझेलचोरीच्या भीतीने जाते. टाकीला कुलूप, ताडपत्रीची दोरी नीट आवळलेली आणि पंपवाल्याशी ओळख, एवढं असलं की माणूस गाढ झोपतो. रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या बाजूला गाडी लावून कधीही झोपायचं नाही. मागून येणारा दुसरा कोणीतरी असाच झोपेत असतो आणि उभ्या गाडीत घुसतो. इंजिन चालू ठेवून केबिन बंद करून झोपणंही नको, धूर आत शिरतो. मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाड काळे पडदे हा खर्च चारशे-पाचशेचा आहे, तो तुम्ही घरून करून द्या. नवीन गाडी असेल तर केबिनला एसी असेल. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांना तो सक्तीचा झाला आहे. जुन्या गाडीत मात्र पंखा आणि पडदा हीच व्यवस्था.

गेटवरचा वेळ हा दुसरा मुद्दा. तिथे झोप मिळवणं ही कला आहे आणि ती शिकावी लागते. आमच्या गाड्यांवर नियम आहे: टोकन घेतल्यावर पुढच्या-मागच्या दोन ड्रायव्हरांशी बोलून ठेवायचं, आलटून पालटून एकाने तिघांच्या गाड्या पुढे सरकवायच्या, दोघांनी झोपायचं. दुपारी एक ते तीन या वेळात दीड-दोन तासांची झोप झाली तर रात्रीची गाडी बरीच सुरक्षित होते. पण तिथे ड्रायव्हर काय करतो? पत्ते, मोबाईल, गप्पा. मीही तेच केलं आहे. रिकामा वेळ म्हणजे विश्रांती असं वाटतं, पण मोबाईल बघत घालवलेले आठ तास झोपेच्या खात्यात शून्य मोजले जातात.

चहाबद्दल. चहा-कॉफी काम करते, पण पोटात गेल्यावर वीस-तीस मिनिटांनी. म्हणून डोळे जड झाले तर सुरक्षित जागी गाडी लावा, कडक चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. गजर लावून. उठाल तेव्हा चहाही चढलेला असेल. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडीभोवती फिरा, टायर बघा, मगच निघा, कारण झोपेतून उठल्या उठल्या मेंदू अर्धवटच असतो. याने पुढचा तास-दीड तास मिळतो, चांगल्या जागेपर्यंत पोहोचण्यापुरता. रात्रभर गाडी चालवण्याचा परवाना म्हणून हे वापरू नका. आणि झोपायच्या आधी चार-पाच तासांत चहा नको, नाहीतर मिळालेली झोपही उथळ होते.

गोळ्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारून बघा. लांबच्या लाईनीवर झोप उडवणाऱ्या गोळ्या हातोहात फिरतात. उत्तरेकडच्या रस्त्यांवर अफूचा डोडा. गोळीने थकवा जात नाही, तो झाकला जातो, आणि गोळी उतरली की माणूस एकदम कोसळतो, कधीकधी स्टिअरिंगवरच. डोडा तर अमली पदार्थांच्या कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. उलट बाजूने, सर्दी-खोकल्याची साधी औषधं झोप आणतात. दुकानातून सर्दीची गोळी घेताना "मी ड्रायव्हर आहे" एवढं सांगायची सवय त्यांना लावा.

आता तुमच्या हातातलं, आणि हे फक्त तुम्हालाच करता येईल असं आहे. ते घरी झोपतात तेव्हा ऐका. मोठ्याने घोरतात का? घोरणं मध्येच थांबतं का, दहा-पंधरा सेकंद श्वास बंद, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू? सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? गळ्याचा घेर सोळा-सतरा इंचांच्या वर गेलाय का? असं असेल तर हा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. ड्रायव्हरांमध्ये तो खूप आढळतो, कारण बसून काम, ढाब्याचं जेवण आणि वाढलेलं वजन. अशा माणसाने आठ तास झोप घेतली तरी ती झोप होत नाही. छातीविकार किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, एक रात्र यंत्र लावून झोपेची तपासणी होते. उपचार आहे आणि त्याने फरक पडतो. आमच्याकडे एक ड्रायव्हर होता, पन्नाशीचा, शांत माणूस, दिवसाढवळ्या सिग्नलला डोळे मिटायचे. आम्ही सगळे त्याला आळशी म्हणत होतो. त्याच्या बायकोने घोरण्याचं सांगितलं म्हणून तपासणी झाली. आता रात्री मास्क लावून झोपतो आणि गाडीवर आहे. त्याला आळशी म्हटल्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आल्यावर चौदा तास झोपतात हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, आणि मला तुमची बाजू कळते. महिन्यात पाच दिवस नवरा घरी, त्यातला एक झोपेत. पण ती झोप आळस नाही, थकबाकी आहे. ती एका रात्रीत फिटतही नाही, निदान दोन रात्री पूर्ण लागतात. चिडचिड त्याच थकबाकीची आहे. पहिल्या दिवशी बँक, गॅस, मुलांची शाळा, पाहुणे, काही ठेवू नका. ज्या रात्री गाडी काढायची तिच्या आधीच्या दुपारी त्यांना झोपवा, लग्नकार्य असलं तरी. घरून अर्धवट झोपेत निघालेला ड्रायव्हर पहिल्याच रात्री धोक्यात असतो. आणि फोन रात्री करायचा असेल तर ते उभे असताना. चालत्या गाडीत "जागे आहात ना?" असं विचारण्याने ते जागे राहत नाहीत.

मालकाशी बोलणं हा सगळ्यात अवघड भाग, कारण पोट त्याच्यावर आहे. मालकाची बाजूही समजून घ्या. गाडी थांबली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. कंपनी गेटवर दहा तास गाडी अडवते आणि त्याचे पैसे देत नाही. तो वेळ भरून काढायचा एकच मार्ग मालकाला दिसतो, तो म्हणजे ड्रायव्हरची रात्र. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

पण एक सबब मात्र खोटी आहे, ती मिस्टरांना ठाऊक असू द्या. "ई-वे बिलाची मुदत संपेल, लवकर पोहोच" असं मालक किंवा ट्रान्सपोर्टर म्हणतो. 2021 पासून त्या बिलाला दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. कोल्हापूर ते बेंगलोर सहाशेवर किलोमीटर, म्हणजे चार दिवस. गाडीला खरं लागतं पंधरा-सोळा तासांचं चालवणं, आरामात दोन दिवस. बिलाची घाई कोणालाच नाही. घाई पुढच्या भाड्याची असते.

कायदा काय सांगतो तेही ऐका. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास ठरवून दिले. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा आणि 54. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, दोन दिवसांच्या ड्युटीमध्ये सलग नऊ तास मोकळे, आठवड्याला एक सुट्टी, जादा कामाला दुप्पट पैसे. हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यासाठी होता, पण 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 ने व्यावसायिक वाहनांच्या चालकांना हेच तास जोडून दिले. पुढे 2020 च्या श्रमसंहितेत 1961 चा कायदा सामावून घेतला. कागदावर सगळं आहे. युरोपात साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं थांबावंच लागतं आणि गाडीतलं यंत्र प्रत्येक मिनिट नोंदवतं, पोलीस रस्त्यात ते तपासतात. नितीन गडकरी यांनीही 2021 मध्ये ट्रकचालकांचे तास ठरवून द्यायला हवेत आणि झोप ओळखणारी यंत्रं गाडीत हवीत असं म्हटलं होतं. पण आपल्या हायवेवर आज ड्रायव्हरला थांबवून कोणी विचारत नाही की तू कधी उठलास. रस्ता सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने 2020 मध्ये ट्रकचालकांची पाहणी केली तेव्हा दिवसाचं सरासरी चालवणं बारा तासांच्या आसपास निघालं, आणि निम्म्याच्या आसपास चालकांनी झोप आली तरी चालवत राहतो असं कबूल केलं. त्या बारा तासांत गेट धरलेलं नाही.

आणि अपघात झाला की काय होतं? फिर्यादीत ठरलेलं वाक्य येतं: "वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून." त्यात कोणी मेलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ती ड्रायव्हरला. त्याला बावीस तास जागा ठेवणाऱ्याचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं.

म्हणून मी प्रत्येक ड्रायव्हरला एक वही ठेवायला सांगतो, आणि तुमच्या मिस्टरांनीही ती आजपासून ठेवावी. शंभर पानी साधी वही. प्रत्येक फेरीला चार वेळा लिहायच्या: किती वाजता उठलो, गेटवर किती वाजता पोहोचलो, माल भरून गाडी किती वाजता निघाली, किती वाजता झोपलो. गेटपास आणि वजनकाट्याच्या पावतीचा मोबाईलवर फोटो. टोकनवर वेळ, काट्यावर वेळ, बिलावर वेळ, फास्टॅगच्या मेसेजवर वेळ, सगळीकडे वेळ छापलेली असते. माणूस किती वाजता उठला तेवढंच कुठे लिहिलेलं नसतं. ते त्यानेच लिहायचं.

ही वही भांडणासाठी नाही. महिनाभराने ती मालकापुढे ठेवून असं बोलायचं: "शेठ, या आठ फेऱ्यांत गेटवर इतके तास गेले. पार्टीकडे हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडवल्याचे पैसे, मागा, नाहीतर लोडिंगची वेळ ठरवून घ्या. नाही जमलं तर उशिरा निघालेल्या दिवशी मी रात्री थांबणार. गाडी तुमची आहे, दुभाजकाला घासली तेव्हा तुमचीच घासली." शहाणा मालक हे ऐकतो, कारण एका टकरीचा खर्च दोन-तीन फेऱ्यांचा नफा खातो, आणि चांगला ड्रायव्हर आज मिळत नाही.

आमच्याकडे हे कसं बसवलं ते सांगतो, म्हणजे अशक्य नाही हे कळेल. रात्री एक ते पाच गाडी चालणार नाही असं मी ठरवलं. दोन पार्ट्या सुटल्या. महिन्याला गाडीमागे साधारण एक फेरी कमी झाली. पहिले सहा महिने घरात रोज वाद. पण फरक नियमाने पडला नाही, पगाराने पडला. तोवर मी फेरीवर पैसे देत होतो, म्हणजे जो जास्त जागेल त्याला जास्त. नियम करूनही पोरं चोरून चालवत होती, जीपीएसवर मला दिसायचं. मग महिन्याचा पक्का पगार केला आणि भत्ता दिवसावर दिला, गाडी चालो वा उभी राहो. त्या दिवसापासून गाड्या रात्री थांबायला लागल्या. जो जीपीएस मी आधी "का थांबलास" विचारायला वापरायचो, त्यावर आता सकाळी एवढंच बघतो की गाडी सलग सहा तास उभी होती का. नसेल तर त्या ड्रायव्हरला फोन जातो.

गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवणं हा उपाय लोक सुचवतात. ठीक आहे, पण चालत्या गाडीत लागणारी झोप तुटक असते, आपल्या रस्त्यांवर तर जास्तच. दोघेही अर्धवट झोपलेले असं मी पाहिलंय. तीन-चार दिवसांच्या लांब फेरीला दुसरा माणूस हवाच, पण रात्री चार-पाच तास उभी गाडी दोघांनाही लागते. त्याहून चांगली पद्धत बदलीची: गाडी पुढे जाते, माणूस दर चार-पाच तासांच्या टप्प्यावर बदलतो आणि दुसरी गाडी घेऊन घरी परततो. गुरुग्रामच्या रिव्हिगो कंपनीने 2014 पासून हे आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. लहान मालकाला ते एकट्याने परवडत नाही, त्याच्याकडे तेवढ्या गाड्याच नसतात. कोल्हापूर, हुबळी आणि बेंगलोरच्या दहा-पंधरा मालकांनी एकत्र येऊन करावं अशी माझी फार इच्छा आहे. दोनदा बैठक घेतली, अजून जमलेलं नाही.

नोकरी सोडण्याचं. हे तुमच्या घरच्या कर्जावर, मुलांच्या वयावर आणि त्यांच्या तब्येतीवर ठरेल, इथून मी हो किंवा नाही म्हणणार नाही. मी असतो तर असं केलं असतं: आधी तपासणी, मग महिनाभर वही, मग मालकाशी बोलणं. बोलल्यावर मालक म्हणाला, "जमत नसेल तर चावी ठेव," तर चावी ठेवावी. अवजड वाहनाचं लायसन्स आणि त्यांचा अनुभव असलेला माणूस घरी बसत नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून दुसऱ्यात माल नेणाऱ्या गाड्या, दूध संघाचे टँकर, पाळीने चालणाऱ्या कंपनीच्या गाड्या, इथे पैसे कमी मिळतील, पण रोज किंवा एक दिवसाआड घरी येता येतं. मात्र नवीन जागी विचारून घ्या की लोडिंगला थांबण्याचे तास धरतात का. नाहीतर लाईन छोटी आणि गेट तेवढंच, असं व्हायचं.

या वेळी ते घरी आले की पहिला दिवस काहीच बोलू नका. खोलीत अंधार करा, फोन बाहेर ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं की वही काढा आणि नुकत्याच झालेल्या फेरीचं पहिलं पान दोघांनी मिळून भरा. उठल्याची वेळ त्यांना आठवणार नाही. त्या सकाळी तुम्हाला फोन कधी केला होता ते तुमच्या मोबाईलवर असेल, तिथून सुरुवात करा.